शैलामामीचं सेफ्टी डोअर

तुमच्या दाराशी कुणी आलं, बेल वाजवायला हात वर केला, आणि तुम्हाला कळायच्या आत दुसऱ्याच कुणी त्या माणसाला जिन्यावरून परत पाठवलं, तर ते तुम्हाला कधी कळेल? मी सांगते. कधीच नाही. तुम्ही आत बसून चहा प्याल, पेपर वाचाल आणि संध्याकाळी घरात सांगाल की आज कुणी आलं नाही. माझ्या शैलामामीला आयुष्यात पुष्कळ गोष्टींची भीती वाटायची, पण या गोष्टीची सगळ्यात जास्त. ती गेली त्याला आता काही आठवडे झाले. तिच्या साड्या वाटून झाल्या, चष्मा मामाने कपाटात ठेवला. तिची भीती मात्र कुणी मागितली नाही, म्हणून ती माझ्याकडे आली आहे.

त्या दिवशी मी माजिवड्याला एका झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. पाण्याच्या प्रश्नावर एक पत्रक काढायचं होतं, मशीन नुकतंच सुरू झालेलं, तेवढ्यात मामाचा फोन आला. "तेजू, मामी उठत नाहीये गं." मी म्हणाले, "म्हणजे काय? हाक मार ना." "मारली." "तोंडावर पाणी मार." "मारलं गं..." त्याच्या आवाजात अजिबात घाई नव्हती, आणि त्यावरूनच मला कळलं. सकाळचा चहा झाल्यावर "जरा पडते" म्हणून ती आत गेलेली, ती तशीच. डॉक्टर म्हणाले, हृदय. दुकानदार मला विचारत होता, "मॅडम, पाठपोट ना?" आणि मी मान हलवत होते. ते गठ्ठे मी तिथेच विसरले. ठाकुर्लीला त्यांच्या इमारतीत पोचले तेव्हा चपला जिन्याच्या वळणापर्यंत आलेल्या, आणि मामीच्या घराचं सेफ्टी डोअर सताड उघडं होतं. मला तिथेच धडकी भरली. आतल्या खोलीत काय आहे ते माहीत होतं, पण ते दार उघडं असलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आमच्या भागातल्या प्रत्येक ब्लॉकला ते असतं. लाकडी दाराच्या बाहेर लोखंडी जाळीचं दुसरं दार. बेल वाजली की आतलं दार उघडायचं, बाहेरचं बंद ठेवायचं, जाळीतून बघायचं आणि विचारायचं. बहुतेक घरांत त्याची कडी नुसती लोटलेली असते. मामीच्या घरात कडी, वर कुलूप आणि शिवाय साखळी. मी लहानपणापासून त्या घरात येऊन-जाऊन असलेली, तरी दर वेळी जाळीपलीकडून तिचा प्रश्न यायचा, "कोण गं?" मी वैतागायचे. "अगं मामी, दिसतेय ना मी समोर!" "दिसतेस. पण बोलल्याशिवाय खात्री नाही होत." मग कुलूप काढता काढता म्हणायची, "आणि रागावलीस की तूच असतेस, ते पटतं." मामा आतून ओरडायचा, "ही यमाकडेपण आधार कार्ड मागणार आहे!" मी पोचले तेव्हा मामा तिच्या उशाशी बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "या खेपेला तिने कोण म्हणून विचारलंच नाही..."

ती घाबरट होती. मेलेल्या माणसाविषयी लिहिताना लोक त्याला शूर करून टाकतात, मी करणार नाही. गॅस बंद केलाय का, हे बघायला ती अर्ध्या रस्त्यातून परत यायची. लिफ्टमध्ये एकटी चढायची नाही. फटाक्यांच्या दिवसांत कानात कापूस घालून बसायची. मी मात्र वेगळ्या घरातली. माझे बाबा कळव्याला राहून खाडीपलीकडच्या कारखान्यात कामाला होते, युनियनची पत्रकं तेच लिहायचे आणि तेच वाटायचे. मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून मोठी झाले, अक्षरं त्यांच्यावरच शिकले. आमच्या घरात भीती हा शब्द दुसऱ्यांना उद्देशून वापरायचा होता, भ्याड मालक, भ्याड पुढारी. त्यामुळे मामीकडे गेले की मला तिची कीव यायची. ती ठाण्याच्या एका विमा कंपनीत कॉम्प्युटर विभागात मोठ्या हुद्द्यावर होती, सगळ्या ऑफिसच्या ईमेलचा सर्व्हर तिच्या ताब्यात होता. घरी आली की ताक घुसळतानाही ती त्याच काळजीत असायची. सर्व्हर बंद पडेल, पत्रं हरवतील, कुणाचं तरी काहीतरी अडेल. "मला सगळ्याची भीती वाटते ना, म्हणून माझं काम नीट होतं," ती म्हणायची. मला ते तेव्हा केविलवाणं वाटायचं.

नोकरी लवकर सोडल्यावर ती डोंबिवलीच्या एका मदत केंद्रात जाऊ लागली, पगाराशिवाय. घरात मार खाणाऱ्या, छळ सोसणाऱ्या बायकांसाठीचं ते केंद्र. पिठाच्या गिरणीवर पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरायची, आणि कितीही खिडक्या लावा, पिठाची पांढरी साय प्रत्येक गोष्टीवर चढायची. केंद्राचा सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवलेला एक काळा डबा होता. मामीने त्याला आपल्या जुन्या सुती साडीचा गाळीव कापडासारखा पातळ तुकडा शिवून घातला, हवा जाईल पण पीठ जाणार नाही असा. केंद्र चालवणाऱ्या वंदनाताई, सत्तरीला आलेल्या, एके काळच्या प्राध्यापिका, हसून म्हणाल्या होत्या, "शैला, तू त्याला कुंची घातलीस की काय?"

ईमेलचं एवढं महत्त्व का, हे मला आधी कळायचं नाही. बायका फोन करतील की! मामीने समजावलं. फोनवर बोललेलं भिंतीपलीकडे ऐकू जातं. मेसेज नवरा तपासतो, सासू तपासते. पण ईमेल घरात कुणी उघडून बघत नाही. त्यात बँकेचं आणि विजेच्या बिलाचं येतं, एवढंच सगळ्यांना माहीत. म्हणून ज्या बाईला कुठूनच बोलता येत नाही ती मुलीच्या शाळेच्या ईमेलवरून, शेजारणीच्या फोनवरून, चार ओळी लिहिते आणि लगेच पुसून टाकते. उत्तर नाही आलं तर ती पुन्हा लिहील याचा काही भरवसा नसतो. "तिचं पत्र म्हणजे एकदाच वाजलेली बेल आहे," मामी म्हणाली होती. ते सांगतानाही तिने दाराकडे एकदा बघून घेतलं.

मग ते दिवस आले. केंद्र एका बाईच्या बाजूने उभं राहिलं. सासरचे लोक वजनदार, चार ठिकाणी ओळखी असलेले. तोवर मीही केंद्रात जाऊ लागले होते, त्यावर मी एक पत्रक लिहिलं, खाली स्वतःचं नाव घालून, जसं बाबांनी शिकवलं तसं. आठवड्याभरात केंद्राची ईमेलची पेटी बुडाली. कुणीतरी आमचा पत्ता जगातल्या सगळ्या जाहिरातींना देऊन टाकला होता. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, लॉटरी लागली, वजन कमी करा. आणि त्यांच्यामध्ये पेरलेल्या धमक्या. इथे लिहिता येणार नाही अशा शिव्या, जाळून टाकीन, मारून टाकीन, पोलिसांत गेलात तर बघून घेईन. एकात माझं नाव होतं, आणि लिहिलं होतं की कळव्याच्या घराचं निळं फाटक छान दिसतं. आमचं फाटक निळंच आहे.

मी मामीसमोर टेबलावर हात आपटला. "छापून टाकू सगळं! नावानिशी! घाबरतंय कोण त्यांना?" मामीच्या ओठांचा रंग गेला होता. म्हणाली, "मी घाबरते. तूपण घाबर जरा. घाबरायला काय पैसे पडतात?" तिने त्या धमक्या वेगळ्या काढल्या, वंदनाताईंना घेऊन पोलिसांत तक्रार दिली, आणि मला महिनाभर एकटीला कळव्याला जाऊ दिलं नाही. मामा सोडायला यायचा, रस्ताभर कुरकुर करत. "तुझी मामी मला बॉडीगार्ड समजते. माझ्या पोटाकडे बघून कोण घाबरणार, सांग!" त्या महिन्यात मी हसले ती फक्त त्याच्यामुळे. फाटकाला बाबांनी दुसरा रंग दिला. मी त्यांना ब्रश धुताना बघितलं आणि मला कळलं की तेही घाबरलेत.

पण पेटीचं काय करायचं? जाहिरातींच्या ढिगात खरी पत्रं सापडेनात. वंदनाताई म्हणाल्या, "शैला, आता चाळणी हवी." सर्व्हरवरच बसवायची, पत्र आपल्या डोळ्यांसमोर येण्याआधी निवडणारी. ही चाळणी निवडण्याचा तो काळ मला अजून जसाच्या तसा आठवतो, कारण मी त्याला निव्वळ तांत्रिक बाब समजत होते. मुंबईहून एका कंपनीचा विक्रेता आला. गोड बोलणारा, इस्त्रीचा शर्ट, बसण्याआधी खुर्चीवरचं पीठ रुमालाने झटकणारा. त्यांची सेवा घेतली तर सगळी पत्रं आधी त्यांच्या सर्व्हरवर जाणार, तिथे साफ होणार आणि उरलेली आमच्याकडे येणार. मामीने सगळं ऐकून एकच विचारलं, "तुम्ही जे टाकून देता ते मला बघायला मिळेल?" तो म्हणाला, "मॅडम, तोच तर फायदा आहे! तुम्हाला काही बघावंच लागणार नाही." "आणि ज्याने पाठवलं त्याला कळेल, पोचलं नाही म्हणून?" "नाही ना, त्याला वाटणार पोचलं." मामीने त्याच्यासमोर बिस्किटांची बशी सरकवली. तिची नकार देण्याची ही पद्धत होती, त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हती.

तो गेल्यावर ती म्हणाली, "दारातच नाही म्हटलं तर समोरच्याला कळतं. तो दुसरीकडे जातो. आत घेतलं तर आपण सांभाळायचं. पण हातात घ्यायचं, हो म्हणायचं आणि मागच्या खिडकीतून फेकायचं... हे नाही होणार माझ्याकडून." शिवाय बायकांची पत्रं परक्या कंपनीच्या घरून फिरून येणार, हेही तिला सोसेना. तिने दुसरं साधन निवडलं, फुकट मिळणारं, आपल्याच डब्यात बसणारं. ते प्रत्येक पत्राला गुण देतं. थोडे गुण असले तर आत सोडायचं, जास्त झाले तर अडवून एका वेगळ्या कप्प्यात ठेवायचं. फेकायचं काहीच नाही. त्या कप्प्याला साधनाने दिलेलं लांबलचक इंग्रजी नाव तिने पुसलं आणि मराठी अक्षरांत लिहिलं, सेफ्टी डोअर. वंदनाताईंनी विचारलं, "पण तिथे अडकलेलं कोण वाचणार?" "मी," मामी म्हणाली. "रोज?" "रोज. सकाळचा चहा घेऊन."

ते साधन शिकणारं होतं. आपण पत्र दाखवायचं आणि सांगायचं, हा कचरा, हे चांगलं. शब्द लक्षात ठेवून ते पुढे स्वतःच ओळखतं. आम्ही सगळ्या जणी शिकवायला बसलो. जाहिराती दाखवल्या. आणि धमक्या दाखवल्या, सगळ्या, एकूण एक. खरं सांगायचं तर त्यात एक सूड होता. निळ्या फाटकाच्या पत्रावर 'कचरा' म्हणून बोट दाबताना जे बरं वाटलं ते पत्रक लिहूनही वाटलं नव्हतं. वंदनाताईसुद्धा, ज्या कधी आवाज चढवत नाहीत, एकेक दाबताना पुटपुटत होत्या, "चालते व्हा." चार दिवसांत पेटी स्वच्छ झाली. गिरणीवाल्याकरवी बाहेरून वडे मागवून आम्ही ते साजरं केलं.

आणि एका सकाळी मामीने मला हाक मारली. "तेजू... इकडे ये." तिच्या हातातला कप वाजत होता, बशीवर. सेफ्टी डोअरमध्ये, लॉटरी आणि प्लॉटच्या मधोमध, एक पत्र होतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, कल्याणच्या पलीकडच्या एका गावातून. नवरा म्हणतो जाळून टाकीन. पोलिसांत गेलीस तर मुलीला बघून घेईन. फोन करू नका. दुपारी मी एकटी असते. साधनाने त्याला भरपूर गुण दिले होते, कचरा, अगदी खात्रीचा कचरा. मी म्हणाले, "बिघडलंय वाटतं." मामीने मान हलवली. "बिघडलं नाही गं. आपण शिकवलं तेच केलंय त्याने. धमकी देणाऱ्याचे शब्द आणि धमकी सोसणारीचे शब्द एकच असतात. ती दुसरे कुठून आणणार? आपण त्याला सांगितलं, असे शब्द घेऊन कुणी आलं तर आत सोडू नको..." खाली गिरणी सुरू झाली आणि टेबल थरथरायला लागलं. मला त्या क्षणी जी भीती वाटली ती फाटकाच्या पत्राने वाटली नव्हती. फाटकाची भीती माझ्या एकटीची होती.

वंदनाताई त्याच दुपारी दोघींना घेऊन त्या गावी गेल्या, साड्या विकायला आलेल्या बायका म्हणून. ती बाई आणि तिची मुलगी आज सुखरूप आहेत, कुठे आहेत ते मी लिहिणार नाही. मामीने त्या दिवशी आम्ही शिकवलेलं सगळं पुसून टाकलं, आणि साधनाला पुन्हा शिकवायला एकटी बसली. आता फक्त जाहिराती कचरा. धमकी हा कचरा नव्हे, धमकी हा पुरावा, तिचा कप्पा वेगळा. आणि सेफ्टी डोअरमधलं प्रत्येक पत्र माणसाने उघडून बघायचं, कितीही घाण असलं तरी. पुढची सगळी वर्षं तिने ते केलं. मी एकदा विचारलं, "तुला तर फटाक्याची भीती वाटते. हे वाचायला नाही वाटत?" म्हणाली, "वाटते ना. हात थरथरतात. म्हणून कप आता टेबलावर ठेवते." तिची एक सवय होती, तिला स्वतःलाही माहीत नसावी. अडकलेलं प्रत्येक पत्र उघडण्याआधी ती पडद्याकडे बघून हलक्या आवाजात विचारायची, "कोण गं?" आणि मगच बोट दाबायची. लॉटरीवाला असला की, "तू होय मेल्या," आणि पुढचं.

मला त्यात हळूहळू बाबा दिसू लागले. कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटली की पुष्कळ लोक चार पावलांवर ती टाकून देतात. मी लहान असताना बाबा मला टाकलेली पत्रकं उचलून आणायला लावायचे. मांडीवर ठेवून तळहाताने सरळ करायची, माती झटकायची आणि पुढच्या पाळीच्या माणसांना पुन्हा द्यायची. मला लाज वाटायची. बाबा म्हणायचे, "न वाचता टाकलेलं पत्रक टाकलेलं धरायचं नाही." मामीला हे सांगितल्यावर ती खूप हसली होती. "म्हणजे तुझे बाबा आणि मी एकाच पार्टीत की काय? मला कुणी विचारलंच नाही!" मग म्हणाली, "तू एवढी पत्रकं काढतेस, शौर्यावर, लढ्यावर. एकदा भीतीवर काढ ना." मी म्हणाले, भीतीवर कुणी पत्रक काढत नाही. रविवारी ती मला शेजारी बसवून ते साधन कसं चालतं ते दाखवायची. "मी नसले की कोण बघेल?" "कुठे चाललीस तू?" "कुठे म्हणजे... गावाला गं." आणि विषय बदलायची.

ती गेल्यानंतरचे दिवस पाहुण्यांचे होते, ताटांचे, भेटायला येणाऱ्यांचे. मी ठाकुर्लीलाच राहिलेले. एका सकाळी बेल वाजली. मामा उठला, लाकडी दार उघडलं, त्याच हाताने सेफ्टी डोअरही उघडलं, कोण काय काहीच न विचारता. दूधवाला होता. पिशवी घेऊन मामा आत गेला आणि मी तिथेच उभी राहिले. मामी गेल्यापासून केंद्रातलं सेफ्टी डोअर कुणी उघडलंच नव्हतं! वंदनाताईंना वाटत होतं मी बघतेय. मला वाटत होतं... मला काहीच वाटत नव्हतं, मी रडण्यात होते. जिना मी कसा उतरले मला आठवत नाही. डोंबिवलीपर्यंत रिक्षात मी एकच वाक्य मनात घोकत होते, कुणी नसू दे, कुणी नसू दे.

डब्यावरच्या कुंचीवर पीठ साचलं होतं, बोटभर. ते झटकायची रोजची पाळी मामीची. मी तिच्या खुर्चीत बसले आणि कप्पा उघडला. पानामागून पानं. माझ्या तोंडून मामीचा तो प्रश्न फुटेना, मी नुसतीच बोट दाबत होते, लॉटरी, कर्ज, शिवी, प्लॉट, शिवी. आणि मग एक. पुढे त्याच पत्त्यावरून दुसरं. पहिलं लांब होतं, त्यात एक फोन नंबर होता, बहिणीचा. दुसऱ्यात एवढंच होतं, "उत्तर नाही आलं. ठीक आहे." ते 'ठीक आहे' मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मी बहिणीचा नंबर लावला. बराच वेळ वाजला. कळव्याला राहणाऱ्या त्या बहिणीने उचलला, आणि म्हणाली, "थांबा, ती इथेच आहे." ती आपल्या पायांनी बाहेर पडली होती, अंगावरच्या कपड्यांनिशी. आमच्यामुळे नाही. मी माफी मागायला लागले तर मध्येच म्हणाली, "नाही हो, तसं नाही. मला वाटलं, तुम्हीपण वाचून सोडून दिलंत." मी सांगू लागले की आम्ही वाचलंच नव्हतं, आणि सांगता सांगता थांबले, कारण तिच्या बाजूने बघितलं तर दोन्हींत काहीच फरक नव्हता.

ती वाचली. पण ज्या बाईला कळव्याला बहीण नाही, तिचं काय झालं असतं? हा प्रश्न माझ्या अंगावर चढून बसला आहे, उतरतच नाही.

मागच्या आठवड्यात केंद्रात बैठक झाली. वंदनाताईंच्या समोर त्याच विक्रेत्याच्या कंपनीचे कागद होते. वंदनाताई दुष्ट नाहीत, त्या माझ्याहून जास्त दारांवर उभ्या राहिल्या आहेत. त्या म्हणाल्या, "तेजस्विनी, शैला होती तोवर ठीक होतं. पण एका माणसाच्या सवयीवर एवढं मोठं काम टांगून ठेवणं बरोबर नाही. बघितलंस ना काय झालं?" मी चिडून म्हणाले, "मग माणसं वाढवू या! दार काढून भिंत बांधायची?" "कुठून आणणार आहेस माणसं? रोज सकाळी बसून शिव्या वाचायला कोण येतं?" पत्रकांतून मी माणसांना मोर्च्याला बोलावलं आहे, उपोषणाला बोलावलं आहे. घाण उपसायला, घाबरत घाबरत, एकेक पत्र उघडायला मी कुणाला कधी बोलावलेलं नाही. वंदनाताईंनी कागद दुमडून पर्समध्ये ठेवले. "पुढच्या बैठकीपर्यंत थांबते," म्हणाल्या. उठताना त्यांनी कोपऱ्यातल्या डब्यावरची कुंची नीट केली, आणि हात थोडा वेळ तिथेच ठेवला.

तोवर मी जाते आहे, रोज सकाळी. खाली गिरणीवाला विचारतो, "चहा पाठवू का, मामी प्यायच्या तसा?" मी कप टेबलावर ठेवते. पहिल्या दिवशी अडलेला तो प्रश्न आता तोंडून निघतो. मला अजून भीती वाटते, प्रत्येक पत्राला वाटते. निळ्या फाटकाची वाटते आणि 'ठीक आहे'ची त्याहून वाटते. मामी, तू सांगितलेलं भीतीवरचं पत्रक हे. उशीर झाला.

पत्रक आहे, म्हणून मागणी करते. एकच. तुमच्या ईमेलमध्ये एक कप्पा आहे, तुमच्या वतीने कुणीतरी अडवलेल्या पत्रांचा. तुमच्या सोसायटीच्या, शाळेच्या, संस्थेच्या पत्त्यालाही तो आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो कुणी उघडत नाही. हे पत्रक खाली ठेवा आणि आज तो कप्पा उघडा. संस्थेचा असेल तर तो रोज कोण उघडणार, ते आजच ठरवा, आणि ते माणूस आजारी पडलं तर कोण, हेही. त्यात लॉटरी असेल, कर्ज असेल, घाण असेल. तरी प्रत्येक पत्रावर बोट ठेवण्याआधी क्षणभर थांबा, आणि कुणी ऐकत नसलं तरी हलक्या आवाजात विचारा... कोण गं?